न आलेल्या मॅडमचं भाषण

मुंबईहून येणाऱ्या त्या गाडीच्या डब्यावरची पाटी मी वर्षानुवर्षं वाचत आले होते: मुंबई–गोंदिया. माहेरी भुसावळला जायचं तर मी नाशिकरोडला याच गाडीत बसायची आणि मधेच उतरून जायची. गाडी पुढे कुठे जाते, तिथले लोक काय खातात, कसे बोलतात, याची चौकशी करावी असं मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत वाटलं नाही. २००९च्या जुलैत मात्र मी पाठीवर सॅक लावून त्या गाडीत चढले आणि भुसावळ आलं तेव्हा उतरले नाही.

निमित्त भाषणाचं होतं. मी अठ्ठावीस वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली. म्हणजे अठ्ठावीस वर्षं लोकांना "हळू बोला" म्हणत आले. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका मैत्रिणीनं मला भाषणकलेच्या क्लबात नेलं. दर शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमायची, पाळीपाळीनं उभी राहून सात मिनिटं बोलायची आणि मग एकमेकांच्या चुका काढायची. मी भाषणं पाठ करून जायची. आमच्यातले एक दंतवैद्य परीक्षक होते. माझं सहावं भाषण संपल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता तेव्हा मला सारखं वाटतं की माझ्याकडे ग्रंथालयाचं एखादं पुस्तक राहिलंय." सगळे हसले. मीही हसले आणि घरी जाऊन रागानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सातव्या भाषणाची अट अशी होती की ते अनोळखी लोकांपुढे करायचं आणि क्लबात येऊन त्याचा वृत्तान्त सांगायचा. त्याच आठवड्यात गोंदियात वक्तृत्वावर दोन दिवसांचं चर्चासत्र असल्याचं कळलं. मी ठरवलं, चर्चासत्र करायचं आणि पुढे पाच दिवस एकटीनं हिंडायचं. आमचे हे म्हणाले, "जा. पण सॅकवर आपला पत्ता लिही, म्हणजे निदान सॅक तरी परत येईल."

गोंदिया स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिला धक्का बसला तो भाषेचा. मी रिक्षावाल्याशी मराठीत बोलले आणि तो माझ्याशी हिंदीत. "मैडम, अकेले? कोई लेने नहीं आया?" मी म्हटलं, कुणी येणार नव्हतं. त्याला माझी इतकी दया आली की त्यानं वाटेत थांबून मला आलुबोंडा खाऊ घातला. वर लाल तर्री (तिखट पातळ रस्सा) ओतलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते एकटेपणाचं आहे असं समजून त्यानं सॅक हॉटेलच्या दारापर्यंत आणून दिली.

चर्चासत्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भात गिरणीवाले होते, दोन शिक्षिका होत्या, एक विमा विकणारे गृहस्थ होते. बाहेरगावहून आलेले प्रशिक्षक सगळ्यांना हात पसरून बोलायला लावत. त्यांचं एक वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलं: आत्मविश्वास आधी, माहिती नंतर. दुसरं असं की भाषणाचा शेवट नेहमी श्रोत्यांना काहीतरी करायला सांगून करावा. या दोन वाक्यांनी पुढे काय घोळ घातला, ते आता सांगते.

तिसऱ्या दिवशी मी गोंदियाजवळच्या नागऱ्याला गेले. जुनं शिवमंदिर, पावसानं धुतलेले काळे दगड, आवारात कुणी नाही. मनात आलं, सरावाला याहून चांगली जागा मिळायची नाही. नंदीच्या पुढे उभी राहून मी हात पसरून 'वाचनाचे महत्त्व' हे पाठ केलेलं भाषण सुरू केलं. तीन मिनिटं झाली असतील. मागून आवाज आला, "कोनाशी भांडून राहिल्या जी?" हातात झाडू घेतलेला एक म्हातारा खांबाला टेकून उभा होता. मी म्हटलं, भाषण करतेय. तो जरा विचार करून म्हणाला, "असं होय. मले वाटलं घरून निघून आल्या."

तिथून परत येऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी सडक अर्जुनीची बस धरली. खिडकीतून बघावं तिकडे पाण्यानं भरलेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची लहान लहान शेतं) आणि त्यांत वाकलेल्या बायका. सडक अर्जुनी हायवेवरचं गाव. ढाब्यांपुढे ट्रकांची रांग, आणि प्रत्येक ट्रकचा चालक जेवण सोडून माझ्या सॅककडे बघणारा. बसमधल्या एका बाईंनी सांगितलं होतं की जीपनं आत गेलं तर एक सुंदर तलाव आहे. मी काळीपिवळी जीप पकडली. आत चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी सॅक. तलावाच्या अलीकडच्या गावात जीपचं चाक बसलं आणि आम्ही सगळे उतरलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल.

शाळेच्या व्हरांड्यात तीस-पस्तीस माणसं सतरंजीवर बसलेली दिसली. त्यांतून पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ छत्री उघडून माझ्याकडे झपाझप आले.

"या मॅडम, या. सकाळपासून वाट पाहून राहिलो."

"माझी?"

"मंग कोनाची जी? नागपूरकडून येनार होत्या ना?"

मी नागपूरवरूनच आले होते, गाडीनं. त्यामुळे हो म्हणाले. इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते.

त्यांचं नाव कवडूजी मेश्राम. धान पिकवणारा माणूस, पण भाषणाचा भारी नाद. गावात दर चौदा एप्रिलला मुख्य भाषण त्यांचंच असायचं, हे त्यांनी छत्रीखालच्या पन्नास पावलांत मला सांगितलं. व्हरांड्यात पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की धानाच्या लागवडीबद्दल बोलायला कृषी खात्याच्या कुणी मॅडम यायच्या आहेत, त्या आलेल्या नाहीत, आणि गावानं मला त्यांच्या जागी बसवलं आहे. हातात चहा आला. गळ्यात झेंडूचा हार पडला. समोर तीस-पस्तीस अनोळखी माणसं.

खरं सांगायला तेव्हा अर्धं मिनिट होतं. मी ते वापरलं नाही. माझ्या डोक्यात सातवं भाषण होतं, दंतवैद्य होते, आणि अधोरेखित केलेलं वाक्य होतं. शिवाय ग्रंथालयात शेतीच्या कपाटाची झाडझूड करताना भातशेतीवरची एक पुस्तिका मी दोनदा वाचली होती. मनात म्हटलं, बघू या तरी.

आणि मी बोलले. मला लाज वाटते, पण फार छान बोलले. ओळीत लागवड, दोन रोपांतलं अंतर, पाण्याची पातळी, सगळं आठवत गेलं. रोप लहान असतानाच लावावं, पंचवीस दिवसांच्या आत, असं पुस्तिकेत होतं. ते सांगताना मी हात पसरले, आवाज चढवला आणि शेवट श्रोत्यांना काहीतरी करायला सांगून केला: "त्याहून जुनी रोपं लावू नका. सरळ उपटून फेका." हे 'उपटून फेका' पुस्तिकेत नव्हतं. ते माझं होतं. टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एक बाई तेवढ्या टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होत्या.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "चिखल किती खोल पायजे?"

पुस्तिकेतलं ते पान मला आठवेना. मी आत्मविश्वासानं म्हटलं, "गुडघाभर."

बायका एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. कवडूजींनी लगेच आभार मानून सभा संपवली.

प्रश्न विचारणाऱ्या त्या यशोदाबाई पटले. साठीच्या, उंच, हातात पाटल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. जीपचं चाक काही त्या दिवशी निघणार नव्हतं. तेव्हा त्याच म्हणाल्या, "आमच्या घरी राहा. एकट्या कायले हिंडता?" घरात त्या आणि त्यांची सून. मुलगा नागपूरला कामाला. दोघी आपसात पोवारी बोली बोलत. ती ऐकताना मला अर्धं कळल्यासारखं वाटायचं आणि उरलेल्या अर्ध्यात त्या हसायच्या.

दिवस मावळायच्या सुमारास पानं मांडली. भात, तुरीचं वरण आणि वास्ते (बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी). वास्ते मी पहिल्यांदाच खात होते. कुरकुरीत, थोडे कडवट, लसणाच्या फोडणीचे. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात यशोदाबाई सुनेला म्हणाल्या, "उद्याच्या बाया नोको म्हनून सांगून ये."

मी सहज विचारलं, "कसल्या बाया?"

"रोवन्याच्या (लावणीच्या). उद्या आमचा रोवना होता. पन आमचे पऱ्हे (धानाची रोपं) चाळीस दिवसांचे झाले. पानी उशिरा आलं औंदा. तुमीच म्हनल्या ना, फेका म्हनून. आता फेकाचे तं रोवाचं काय?"

त्या वैतागून बोलत नव्हत्या. त्या खरोखर विचारात पडल्या होत्या. आयुष्यभर धान लावणारी बाई, माझ्या आठ मिनिटांच्या बोलण्यामुळे, तयार रोपं सोडून द्यायला निघाली होती. पुन्हा बी टाकायचं तर हंगाम हातातून जाणार, हे मलासुद्धा कळत होतं.

मी ताट बाजूला सारलं. "यशोदाबाई, मी कृषीची नाही."

"मंग?"

"मी... पुस्तकांची. म्हणजे ग्रंथालयात होते. आता निवृत्त झाले. मी तलाव बघायला आले होते. तुम्ही लोकांनी मला बसवलं आणि मी, म्हणजे, मला भाषण करून बघायचं होतं."

सून दाराशीच थांबली. यशोदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "खोटं काऊन बोलल्या?"

मी म्हटलं, "हौस."

"आमी फेकले असते तं? खाल्लं काय असतं आमी वर्षभर, तुमची हौस?"

मी मान खाली घातली. त्यांनी हात धुतला, सुनेला पोवारीत काहीतरी भराभर सांगितलं. ती पदर खोचून बायांना पुन्हा बोलवायला धावली. यशोदाबाई माझ्याकडे वळल्या. "मी आलीगल्लीत निरोप धाडतो, कोनी फेकू नोका म्हनून. पन सकाळी तुमी सोता सांगा. जिथं बोलल्या तिथंच उभ्या राहून. अन् आता जेवा. वास्ते वाया नाही जाऊ देत आमी."

ते उरलेले वास्ते मी कसे गिळले ते माझं मला माहीत.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी पुन्हा उभी राहिले. या वेळी हार नव्हता, सतरंजी नव्हती, आणि लोक कामाला निघालेले असल्यामुळे उभेच होते. बायकांच्या हातात विळे, पाठीवर प्लास्टिकचे कागद. मी हात पसरले नाहीत. हात कुठे ठेवावेत तेच सुचत नव्हतं. मी सांगितलं की मी कोण, कुठली, आणि काल जे बोलले ते एका जुन्या पुस्तिकेतलं. 'फेका' हे तर त्यातलंही नाही. मला धानातलं काही कळत नाही. तुमचे पऱ्हे फेकू नका. माझं चुकलं. एवढंच. दीड मिनिट झालं असेल.

कुणीतरी मागून म्हणालं, "तरीच गुडघाभर." हशा पिकला, आणि मीही हसले.

तेवढ्यात कवडूजी पुढे आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. "मॅडम, मी तं काल संध्याकाळीच उपटले जी."

हसू बंद झालं.

"सारे?" यशोदाबाईंनी विचारलं.

"अर्धे. उपटून धुऱ्यावर (बांधावर) टाकून देल्ले. निरोप यायच्या आधीच. मी भाषन मानतो."

साऱ्या गावात एकट्या कवडूजींनी माझं ऐकून खरोखर रोपं टाकली होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. यशोदाबाईंनी मात्र एक क्षणही घालवला नाही. "रातभर पाऊस होता, अजून वल्लेच असतीन. चला. आज पयले कवडूजीच्या बांधीत." आपला स्वतःचा रोवणा मागे ठेवून त्या निघाल्या, आणि त्यांच्यामागे बाया. मीही निघाले. कुणी ये म्हटलं नव्हतं, राहा असंही म्हटलं नव्हतं.

कवडूजींच्या धुऱ्यावर रोपांचे ढीग पडले होते. वरची पिवळसर दिसत होती, खालची अजून हिरवी. आम्ही ती हातांनी गोळा करून पाण्यात ठेवली, झडलेली वेगळी काढली, उरलेल्यांच्या जुड्या बांधल्या. मग यशोदाबाईंनी एक जुडी माझ्या हातात दिली. "उतरा."

मी बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि बांधीत पाय टाकला. चिखल घोट्याच्या थोडा वर येतो. गुडघाभर मुळीच नाही. हे मी क्लबाच्या वृत्तान्तात लिहिलं आहे. पहिल्या तीन पावलांत मी बसले, अगदी पूर्ण बसले, आणि वीस बाया कामावर राहून जितकं हसता येतं तितकं हसल्या. यशोदाबाईंनी माझा हात धरून उठवलं आणि शिकवलं. चार-पाच रोपं एकत्र धरायची, कारण जुन्या रोपाला फुटवे कमी येतात. जवळ जवळ लावायची. अंगठ्यानं मुळं चिखलात दाबायची आणि मागे सरकायचं. आपण लावलेलं नेहमी डोळ्यांपुढे राहतं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"माह्या सासूनं. तिलेही पानी उशिराच यायचं."

"मग काल तुम्ही माझं का ऐकलंत?"

त्यांनी हातातली रोपं चिखलात दाबली. "तुमी लय पक्क्या बोलल्या. मले वाटलं, आपलंच चुकत असन इतके साल."

हे वाक्य मला त्या साऱ्या प्रवासात सगळ्यात जास्त लागलं. त्या मात्र ते बोलून पुढच्या जुडीकडे वळल्या.

माझी ओळ अशी वळणं घेत गेली की शेजारची तरुण बाई म्हणाली, "मॅडम, ओळीत." माझं कालचंच वाक्य, माझ्याच आवाजात. दुपारपर्यंत माझी कंबर माझी राहिली नव्हती. मागून येणारी एक म्हातारी बाई मी लावलेलं बिनबोभाट काढून पुन्हा लावत होती. पण कवडूजींची बांधी दिवस मावळायच्या आत भरली. दुसऱ्या दिवशी आम्ही यशोदाबाईंचा रोवणा केला. तलाव मी बघितलाच नाही.

निघायच्या दिवशी कवडूजी छत्री घेऊन जीपपर्यंत सोडायला आले. मी पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "कालपरवाचं पयलं भाषन जोरदार होतं जी. टाळ्यावालं. दुसरं तेवढं जमलं नाही." मग छत्री मिटत, "पन त्यातलं मले सारं समजलं." एका वक्त्यानं दुसऱ्या वक्त्याला द्यावा तसा अभिप्राय त्यांनी दिला आणि हात जोडले.

सडक अर्जुनीच्या ढाब्यावर चहा घेताना ट्रकवाले पुन्हा माझ्याकडे बघत होते. या वेळी सॅककडे नाही, कोपरापर्यंत वाळलेल्या चिखलाकडे. एकानं विचारलं, "खेत में काम करती हो, अम्मा?" मी हो म्हणाले. दोन दिवसांपुरतं ते खोटं नव्हतं.

नाशिकला परतल्यावर मी क्लबात सगळं जसंच्या तसं सांगितलं. सात मिनिटांची वेळ मी ओलांडली आणि कुणी थांबवलं नाही. आठवड्याभरानं कवडूजींचा फोन आला. खऱ्या कृषीच्या मॅडम पोचल्या होत्या. मोटरसायकलवरून आलेली पंचविशीतली मुलगी. गावानं तिला बसवलं, चहा दिला, आणि आधी ओळखपत्र दाखवायला लावलं. मग चिखल किती खोल पाहिजे ते विचारलं. मुलगी गोंधळली, पण बरोबर सांगितलं तिनं. जुनं रोप असेल तर चार-पाच एकत्र लावा, असंही ती म्हणाली. "यशोदाबाई उठून म्हनल्या, आमी लावून झाले," कवडूजींनी सांगितलं. "पोरगी लय खूश झाली."

माणूस म्हातारपणापर्यंत शिकतो, असं आपण म्हणतो. मी बोलायला शिकायला निघाले होते. ते थोडंफार आलंही. पण आपल्या बोलण्यावर समोरचा माणूस घरी जाऊन काहीतरी करतो, त्याची रोपं असतात, त्याचं वर्ष असतं, हे मला क्लबात कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता बोलायला उभी राहिले की माहीत नसलेल्या गोष्टीला मी माहीत नाही म्हणते. त्यामुळे भाषणं आखूड होतात. काही वेळा टाळ्याही कमी पडतात.

दिवाळीनंतर यशोदाबाईंच्या सुनेनं फोन लावून दिला. धान झाला होता, कवडूजींचाही. मी विचारलं, पुढच्या वर्षी येऊ का, गावात सगळ्यांना भेटायला.

"या ना," यशोदाबाई म्हणाल्या. "पन बोलाले नाही. रोवाले या."

मी गेले. सलग चार पावसाळे गेले. माझ्यामागून येऊन पुन्हा लावणारी ती म्हातारी बाई तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आपली ओळ लावू लागली.